प्रबंध कोणाचा, श्रम कोणाचे?

मराठवाड्यातील दलितांची तिसरी पिढी आज विद्यापीठात आहे. पहिल्या पिढीने मिलिंदच्या वसतिगृहात राहून पदवी घेतली आणि ती मास्तर, कारकून, तलाठी झाली. दुसऱ्या पिढीने साहित्य, इतिहास, समाजशास्त्र या विषयांत प्रबंध लिहिले. तिसरी पिढी व्यवस्थापनशास्त्राकडे वळली आहे. 'मनुष्यबळ व्यवस्थापन' हा विषय घेऊन आमची मुलेमुली नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून लघुप्रबंध लिहीत आहेत. ही घटना साधी नाही. ज्यांच्या आजोबांच्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत नव्हती, त्यांची नातवंडे श्रमाचे शास्त्र शिकत आहेत. पण या शास्त्रात त्यांच्या आजोबांना जागा आहे काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

हा प्रश्न मला धर्माबादच्या एका विद्यार्थिनीमुळे पडला. वडील मोंढ्यात हमाल. आई हंगामात मिरचीचे देठ खुडण्याच्या कामाला जाते. धर्माबाद हे लाल मिरचीचे गाव आहे. तेलंगणाच्या सीमेवरची ही पेठ मिरचीच्या व्यापारावर आणि मिरचीपूड करणाऱ्या गिरण्यांवर उभी आहे. मुलीने लघुप्रबंधाचा विषय घेतला होता 'कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान', आणि पाहणीसाठी गावातलाच एक कारखाना निवडला होता. प्रश्नावली भरून घेतली ती हजेरीपटावर नाव असलेल्या मोजक्या माणसांकडून. ज्या बाया दिवसभर तोंडाला फडके बांधून खाटखूट खोकत देठ खुडत बसतात, त्यांचे नाव हजेरीपटावर नव्हते. त्या कोणा मुकादमाच्या माणसे. तिने त्यांच्यावर एक प्रकरण लिहिले. मार्गदर्शकांनी ते परत केले. म्हणाले, "या कर्मचारी नव्हेत. त्या तुझ्या विषयाच्या व्याख्येत बसत नाहीत."

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, "सर, माझी आई व्याख्येत बसत नसेल तर व्याख्या चुकली की आई?"

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. उत्तर देण्यासाठी इतिहासात जावे लागते. प्रबंध पूर्ण करणे म्हणजे काय, मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे नाते कोणते, आणि ज्याला आज आपण मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतो तो विषय या देशात कोणाच्या हातून घडला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाच्या चरित्रात सापडतात. तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ आहे. भिंतीवरच्या तसबिरीखाली ती छापलेली असते. पण त्या पदव्यांमागे जे प्रबंध आहेत, ते कसे पूर्ण झाले याचा इतिहास आपण फारसा सांगत नाही. यशाची यादी सांगितली की श्रम झाकले जातात. हा श्रमाचा अपमान आपल्याच हातून होऊ नये.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्यांचे मार्गदर्शक झाले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्याच वर्षी राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध कोलंबियाला सादर करून ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व ग्रेज इनमध्ये दाखल झाले. म्हणजे एक प्रबंध हातावेगळा होताच दुसऱ्याची सुरुवात झाली.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोदा संस्थानाशी केलेल्या करारानुसार नोकरीसाठी परतणे भाग होते. लंडन विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली. १९१७ च्या उन्हाळ्यात ते निघाले. महायुद्ध चालू होते. ज्या बोटीवर सामान आणि पुस्तके होती ती बोट पाणतीराने बुडाली. अर्धपोटी राहून न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमवलेला संग्रह असा समुद्रात गेला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. बडोद्यात राहायला घर मिळाले नाही. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियात प्रबंध लिहून आलेला माणूस बागेतल्या झाडाखाली बसून राहिला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्याला आपण आज 'नोकरीच्या ठिकाणचा भेदभाव' म्हणतो आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पुस्तकात ज्यावर एक परिच्छेद असतो, तो बाबासाहेबांनी कचेरीत फायली लांबून टाकणाऱ्या शिपायांच्या रूपात अनुभवला होता.

नंतर मुंबईला सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली. पगारातून काटकसर करून पैसे बाजूला ठेवले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्या वर्षी जुलैमध्ये साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या भांडवलावर ते पुन्हा लंडनला गेले. चार वर्षांची सवलत संपण्याच्या आत त्यांनी खंडित झालेला धागा उचलला. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री खोलीवर वाचन, पोटात जेमतेम अन्न. १९२१ मध्ये साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंधाला एम. एस्सी. मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये 'रुपयाचा प्रश्न' हा डी. एस्सी.चा प्रबंध सादर झाला.

२

आता जे घडले ते प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने मन लावून वाचावे. मार्च १९२३ मध्ये बाबासाहेबांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांच्याकडून निरोप आला. परीक्षकांना प्रबंध पचला नव्हता. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्यात जी टीका होती ती त्यांना फार कडक वाटली. प्रबंध पुन्हा लिहावा, पण निष्कर्ष बदलण्याची गरज नाही, असा सल्ला मिळाला.

तेव्हा त्यांच्याजवळ पैसे उरले नव्हते. लंडनमध्ये राहून पुनर्लेखन करणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. वकिलीची खटपट, संसाराची ओढाताण, कर्जाचा बोजा आणि त्यात प्रबंधाचे पुनर्लेखन. ऑगस्ट १९२३ मध्ये सुधारित प्रबंध मुंबईहून लंडनला गेला. तो स्वीकारला गेला आणि वर्ष संपण्याच्या आत पदवी मिळाली. डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ छापला. तो त्यांनी आपल्या आईवडिलांना अर्पण केला.

ग्रंथाला प्रस्तावना कॅनन यांचीच आहे. त्या प्रस्तावनेत मार्गदर्शकाने शिष्याशी असलेले मतभेद उघडपणे मांडले आहेत आणि तरीही त्याच्या विचारातील ताजेपणा मान्य केला आहे. हे नाते आपल्याकडे दुर्मीळ आहे. आपल्याकडे मार्गदर्शक एक तर विद्यार्थ्याचा गुरू होतो, म्हणजे त्याच्याकडून पाय धरून घेतो, नाही तर सहीचा मालक होतो. मतभेद ठेवूनही विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक हा लोकशाही नात्याचा नमुना आहे. गुरुकुलाच्या परंपरेतून तो आलेला नाही. त्या परंपरेने आपल्याला एकलव्याचा अंगठा दिला.

कोलंबियाचा अनुभवही बोलका आहे. प्रबंध १९१६ मध्ये लिहिला म्हणून पदवी लगेच हातात पडली नाही. तिथल्या नियमाप्रमाणे छापील प्रती द्याव्या लागत. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला, त्याला सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली आणि १९२७ मध्ये पीएच. डी. ची पदवी रीतसर मिळाली. १९१३ ला सुरू झालेले काम १९२७ ला पुरे झाले. त्याच १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. प्रबंध आणि सत्याग्रह ही दोन वेगळी कामे आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

३

'रुपयाचा प्रश्न' हे चलनाचे पुस्तक आहे, मग मनुष्यबळाशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदी स्वस्त झाली तसा रुपयाचा विनिमयदर घसरला. त्यामुळे निर्यातदारांना फायदा झाला आणि देशाचा व्यापार वाढला, असे त्या काळातले अनेक जाणकार म्हणत होते. बाबासाहेबांनी साधा प्रश्न विचारला. हा फायदा आला कोणाच्या खिशातून? किमती वाढतात तेव्हा मजुरी त्याच वेगाने वाढत नाही. ती मागे रेंगाळते. म्हणजे निर्यातदाराला मिळालेले बक्षीस हे मजुराच्या ताटातून काढलेले होते.

चलनाच्या चर्चेत त्या वेळी व्यापारी होता, सरकार होते, पेढ्या होत्या. मजूर नव्हता. बाबासाहेबांनी त्याला तिथे नेऊन बसवले. त्यासाठी त्यांनी विषयाची व्याख्या मोडली नाही, ती पुरी केली. प्रबंधाची खरी परीक्षा येथे असते. शास्त्राने ज्याला बाहेर ठेवले आहे, त्याला आत आणल्यावर शास्त्र अधिक खरे होते की नाही?

४

आता दुसऱ्या बाजूने पाहू. मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणजे माणसे निवडणे, त्यांना काम शिकवणे, कामाची वाटणी, पगार, बढती, तक्रारी, कल्याण. ही कामे पाठ्यपुस्तक लिहिले जाण्यापूर्वीही होतच होती. मुंबईच्या गिरण्यांत ती जॉबर करी. भरती त्याच्या हाती, दस्तुरी त्याच्या खिशात, बडतर्फी त्याच्या मर्जीवर. बायकांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीचा. जॉबर माणसे आणी ती आपल्या गावची, आपल्या जातीची. म्हणजे गावगाडा जसाच्या तसा गिरणीत येऊन बसला.

त्याचा परिणाम विणकाम खात्यात स्पष्ट दिसे. तिथे पगार चांगला होता. पण धोट्यात सूत ओढायला तोंड लावावे लागे आणि म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगार एक आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, तर मग विणकाम खाते सर्वांचे का नाही? श्रमविभागणीच्या नावाखाली जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी करते, हा त्यांचा पुढे प्रसिद्ध झालेला सिद्धान्त गिरणीच्या खात्याखात्यांतून दिसत होता.

धर्माबादच्या वाचकाला दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. धर्माबादच्या स्थानकातून जाणारा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड ते सिकंदराबाद असा घातला गेला. या मार्गाने धर्माबादला पेठ बनवले. याच मार्गाच्या पश्चिम टोकाला, मनमाडला, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे प्रतिपादन तिथलेच. पण त्या भाषणातला तपशील आपण विसरतो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, असे ते सांगत होते. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि मास्तरच्या घरात त्याचा विटाळ होतो. कारखान्यात त्याला मिस्त्री करत नाहीत.

हे काय आहे? भरती, नेमणूक आणि बढती यांचे हे विश्लेषण आहे. पाठ्यपुस्तकात ज्याला 'बढतीतील अडथळे' म्हणतात त्याची मांडणी मनमाडच्या मंडपात रूळ ठोकणाऱ्या माणसांसमोर मराठीतून झाली होती. त्या प्रबंधाला कोणी मार्गदर्शक नव्हता आणि कोणती पदवीही मिळायची नव्हती.

५

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत त्या पदावर राहिले. या चार वर्षांत या देशातील कामगार-प्रशासनाचा सांगाडा उभा राहिला. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये भरली. रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली. कोळसा खाणींतील कामगारांसाठी १९४४ मध्ये कल्याण निधी उभारला गेला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला.

यांपैकी १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कामाच्या अटी, रजा, शिक्षा, बडतर्फी यांचे नियम मालकाने लेखी करावेत, ते मंजूर करून घ्यावेत आणि कामगारांना समजेल अशा भाषेत दर्शनी जागी लावावेत, असे त्या कायद्याने सांगितले. जॉबरच्या तोंडी हुकमाच्या जागी लिहिलेला नियम आला. ज्या समाजाला हजारो वर्षे तोंडी हुकमावर राबवले, त्याला लिहिलेल्या नियमाची किंमत सांगावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. १९४४ मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. समितीने विडी, अभ्रक, कातडी कमावणे अशा, पुस्तकी अर्थशास्त्राने दुर्लक्षिलेल्या उद्योगांचीही प्रत्यक्ष ठिकाणी पाहणी केली आणि १९४६ मध्ये आपला मुख्य अहवाल दिला. कंत्राटी मजूर, मुकादमामार्फत येणारा मजूर, हजेरीपटाबाहेरचा मजूर, सगळे त्या पाहणीच्या कक्षेत होते. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी सरकारी समिती ज्यांना कामगार मानत होती, त्यांना आज महाविद्यालयीन लघुप्रबंध कर्मचारी मानायला तयार नाही. शास्त्र पुढे गेले की मागे?

१९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती केली आणि व्यवस्थापनशास्त्रातल्या पदवीधराला कायद्याने नोकरी दिली. मुंबईत दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची संस्था १९३६ मध्येच सुरू झाली होती. तिच्यासारख्या संस्थांतून कामगार-कल्याणाचा अभ्यासक्रम वाढला. सत्तरीच्या दशकात 'मानव संसाधन विकास' हे शब्द आले. १९८५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणखात्यालाच ते नाव दिले आणि २०२० मध्ये ते काढून पुन्हा शिक्षण मंत्रालय केले. कामगार, मग कर्मचारी, मग मनुष्यबळ, मग संसाधन. शब्द जसजसे गुळगुळीत झाले तसतसा त्यातला माणूस पुसट झाला. संसाधन म्हणजे कोळसा, लोखंड, पाणी. माणूस त्यात बसवला की त्याचा फक्त वापर करायचा उरतो.

६

मराठवाड्यात या सर्वाला आणखी एक पदर आहे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि नांदेड, परभणीची खेडी पेटली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे याच जिल्ह्यातले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. धर्माबादची मुले आज तिथे शिकतात.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर विद्यापीठाचे नाव असते. त्या एका ओळीसाठी माणसे मेली, घरे जळाली. मग आतल्या पानांत जर आपल्या आईचे नाव घेण्याची मुभा नसेल, तर पहिल्या पानावरच्या त्या नावाचे आपण काय केले?

दोष केवळ मार्गदर्शकांचा नाही. त्यांच्याकडे एकाच वेळी ढीगभर प्रबंध असतात. विद्यार्थी शहरातल्या दुकानातून तयार प्रबंध उतरवून आणतात आणि कंपनीचे नाव बदलतात. त्यात आपलीही मुले असतात, हे लपवून चालणार नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती १९४४ मध्ये, बाबासाहेब मजूरमंत्री असताना, सुरू झाली. त्या पैशावर शिकून उतरवलेला प्रबंध सादर करणे ही साधी चोरी नव्हे. ती ज्या माणसाने समुद्रात पुस्तके गमावूनही पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, त्याच्याशी केलेली प्रतारणा आहे.

७

मी त्या मुलीला १९२३ ची हकीकत सांगितली. तिला म्हटले, मार्गदर्शकांशी भांडू नकोस. ते व्याख्या मागत आहेत ना, तर व्याख्या दे. निष्कर्ष बदलू नकोस, मांडणी भक्कम कर.

तिने ते केले. बायांच्या कामाचे तास, मजुरी देण्याची पद्धत, मुकादमाचा वाटा, खोकल्याच्या व डोळ्यांच्या तक्रारी, पाणी आणि संडासाची सोय यांची स्वतंत्र अनुसूची तयार केली. संध्याकाळी बायांच्या घरी जाऊन ती भरली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना वाचून दाखवली. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा काय म्हणतो ते तपासले. कंत्राटी कामगाराची कायदेशीर व्याख्या शोधली आणि ती व्याख्या प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवली. रागाची वाक्ये तिने स्वतःच खोडली. म्हणाली, "सर, आकडे लिहिल्यावर रागाची गरज उरत नाही."

मार्गदर्शकांनी ते प्रकरण दोनदा वाचले आणि सही केली. काही मुद्दे मला पटत नाहीत, असे त्यांनी मौखिकीत सर्वांसमोर सांगितले. तिने उत्तरे दिली. त्या दिवशी त्या खोलीत दोन माणसे मोठी झाली, असे मी मानतो.

लघुप्रबंध बांधून आला तेव्हा तिने एक प्रत घरी नेली. आईला वाचता येत नाही. तिने ते प्रकरण आईला वाचून दाखवले. आईने ऐकून घेतले आणि एक चूक काढली. देठ खुडण्याची मजुरी पोत्यावर मिळते असे लेकीने लिहिले होते. आईकडे ती किलोवर होती. मुलीने शुद्धिपत्र जोडले.

प्रबंध त्या शुद्धिपत्राने पूर्ण झाला. मनुष्यबळ व्यवस्थापनाचा जो इतिहास गिरणीच्या विणकाम खात्यापासून मनमाडच्या मंडपापर्यंत आणि तिथून कायद्याच्या पुस्तकापर्यंत आला, त्याचा पुढचा भाग धर्माबादसारख्या गावांत लिहायचा आहे. तो लिहिणाऱ्यांनी अभ्यासाच्या शिस्तीत बाबासाहेबांपेक्षा एक तासही कमी बसू नये, आणि ज्यांच्याविषयी लिहितो त्यांना ते वाचून दाखवल्याशिवाय शेवटच्या पानावर सही करू नये.